विमा पॉलिसीची दिशाभूल करून विक्री

विमा पॉलिसीची दिशाभूल करून विक्री म्हणजे ग्राहकाची गरज, वय, उत्पन्न व हप्ते भरण्याची क्षमता विचारात न घेता, अथवा पॉलिसीच्या अटींविषयी खोटी, अर्धवट किंवा भुलवणारी माहिती देऊन ती त्याच्या गळी उतरवणे होय. व्यवहारात या प्रकाराला 'मिस-सेलिंग' असेच म्हटले जाते. भारतात अशा विक्रीविरुद्ध दाद मागण्यासाठी विमा कंपनीचा तक्रार कक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डाई), विमा लोकपाल आणि ग्राहक तक्रार निवारण आयोग असे टप्पे उपलब्ध आहेत. यांपैकी बहुतेक मार्ग विनाशुल्क किंवा नाममात्र शुल्काचे आहेत. मात्र प्रत्येकाला स्वतंत्र कालमर्यादा आहे, आणि फसवणूक उघडकीस येईपर्यंत पहिली मुदत बहुधा उलटून गेलेली असते. ही यंत्रणा एका सामान्य शहरातील रहिवाशाच्या दृष्टीने कशी चालते हे स्पष्ट करण्यासाठी या लेखात ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे उदाहरण घेतले आहे.

स्वरूप

सर्वाधिक आढळणारा प्रकार मुदत ठेवीशी निगडित आहे. ठेवीची मुदत संपल्यावर बँकेत गेलेल्या ग्राहकाला 'जास्त व्याजाची ठेव' किंवा 'एकदाच पैसे भरायची योजना' म्हणून जो कागद सह्यांसाठी दिला जातो, तो प्रत्यक्षात दरवर्षी हप्ता भरावा लागणाऱ्या आयुर्विमा पॉलिसीचा प्रस्ताव अर्ज असतो. दुसऱ्या वर्षी हप्त्याची सूचना येते तेव्हा ग्राहकाला खरा प्रकार कळतो. कर्ज मंजूर करताना पॉलिसी घेणे बंधनकारक असल्याचे भासवणे, युनिट-संलग्न पॉलिसीत (युलिप) हमखास परतावा मिळेल असे सांगणे, जुनी पॉलिसी मोडायला लावून त्याच पैशांतून नवी विकणे, आणि साठी ओलांडलेल्या व्यक्तीला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी देणे हे प्रकारही वारंवार आढळतात.

दूरध्वनीवरून होणारी फसवणूक याहून निराळी आहे. 'तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, तो सोडवण्यासाठी नवी पॉलिसी घ्या' असे सांगणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतःला इर्डाईची अधिकारी म्हणवते. इर्डाई कोणतीही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही आणि हप्त्यांची रक्कम गुंतवतही नाही, असा खुलासा प्राधिकरणाने जाहीर सूचनांद्वारे वेळोवेळी केला आहे.

इर्डाईच्या आकडेवारीत हे सर्व प्रकार 'अनुचित व्यवसाय पद्धती' या शीर्षकाखाली मोडतात. आयुर्विमा कंपन्यांविरुद्ध २०२३-२४ मध्ये नोंदल्या गेलेल्या १,२०,७२६ तक्रारींपैकी २३,३३५ तक्रारी या स्वरूपाच्या होत्या. २०२४-२५ मध्ये एकूण तक्रारी किंचित घटून १,२०,४२९ झाल्या, परंतु अनुचित पद्धतीच्या तक्रारी वाढून २६,६६७ झाल्या. हे आकडे केवळ तक्रार करणाऱ्यांचे आहेत. पहिला हप्ता बुडाला असे समजून गप्प बसणारे त्यांत येत नाहीत.

विक्रीमागील अर्थकारण

दिशाभूल एखाद्या विक्रेत्याच्या स्वभावापेक्षा मोबदल्याच्या रचनेतून अधिक उद्भवते. २०१६ च्या विनियमांनुसार एकरकमी हप्त्याच्या बचत स्वरूपाच्या पॉलिसीवर विक्रेत्याला हप्त्याच्या २ टक्क्यांपर्यंतच कमिशन मिळू शकत असे. बारा वा अधिक वर्षे हप्ते भरावयाच्या पॉलिसीवर मात्र पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ग्राहकाने आणलेले एक लाख रुपये एकरकमी पॉलिसीत गेले तर विक्रेत्याचे दोन हजार, आणि वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत गेले तर पस्तीस हजारांपर्यंत. 'एकदाच भरा' असे सांगून वार्षिक हप्त्याची पॉलिसी का दिली जाते, याचे उत्तर या फरकात आहे. १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीगणिक असलेल्या या मर्यादा काढून टाकण्यात आल्या असून कमिशनला आता कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेचेच बंधन आहे.

बँकांचा सहभाग हा या अर्थकारणाचा दुसरा भाग होय. बँक 'कॉर्पोरेट एजंट' म्हणून विमा विकू शकते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिला आयुर्विमा, सर्वसाधारण विमा व आरोग्य विमा या प्रत्येक क्षेत्रातील नऊपर्यंत कंपन्यांशी करार करता येतो. ग्राहकाच्या खात्यात किती पैसे आहेत व ठेव केव्हा संपते हे बँकेच्या कर्मचाऱ्याला समोरच्या पडद्यावर दिसते. घरोघर फिरणाऱ्या विमा प्रतिनिधीला ते दिसत नाही. शिवाय बँकेत बसलेला माणूस जे सांगतो ते बँकेचेच, अशी सर्वसामान्यांची धारणा असते.

अशा पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याचे नुकसान मोठे असते. २०१९ च्या विनियमांनुसार पारंपरिक पॉलिसीला दोन वर्षांचे हप्ते भरल्यावरच समर्पण मूल्य प्राप्त होई, आणि दुसऱ्या वर्षी ते भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के इतके असे. वार्षिक एक लाखाचा हप्ता असलेल्या ग्राहकाने दोन हप्ते भरून पॉलिसी सोडली, तर दोन लाखांतील साठ हजारांचीच त्याला हमी होती. एक हप्ता भरून सोडली तर काहीच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी पहिल्या वर्षानंतरही विशेष समर्पण मूल्य देणे बंधनकारक केले असून हा तोटा काहीसा कमी झाला आहे. मोनिका हलन, रेणुका साने व सुसान थॉमस यांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासात २००४-०५ ते २०११-१२ या काळात बंद पडलेल्या पॉलिसींवरून ग्राहकांचे नुकसान सुमारे दीड लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला होता.

याच काळात युलिप पॉलिसींच्या नियमनावरून दोन नियामकांमध्ये संघर्ष झाला. ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने चौदा विमा कंपन्यांना आपल्या नोंदणीशिवाय युलिप विकण्यास मनाई केली. केंद्र सरकारने १८ जून २०१० रोजी अध्यादेश काढून युलिप विमा नियामकाच्याच अखत्यारीत ठेवली. त्यानंतर १ सप्टेंबर २०१० पासून युलिपचा बंधन-कालावधी तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आला आणि शुल्कांवर मर्यादा आल्या. परिणामी अनेक विक्रेते पारंपरिक पॉलिसींकडे वळले, जिथे ग्राहकाला शुल्क वेगळे दाखवावे लागत नाही. केंद्राने नेमलेल्या सुमित बोस समितीने २०१५ च्या अहवालात वित्तीय उत्पादनांच्या विक्रीतील मोबदल्याची ही विषमता दूर करण्याच्या शिफारशी केल्या.

भिवंडीचा संदर्भ

यंत्रमाग आणि गोदामांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषक एकत्र राहतात. तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगार, कोकणी मुसलमान आणि आसपासच्या गावांतील आगरी व कुणबी शेतकरी अशी तिथली वस्ती आहे. विम्याचा प्रस्ताव अर्ज मात्र बहुधा इंग्रजीत असतो. पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाच्या विनियमांनी यासाठी एक तरतूद केली आहे: अर्ज दुसऱ्याने भरला असेल, किंवा ग्राहकाने अर्जाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत सही अथवा अंगठा केला असेल, तर अर्जातील मजकूर त्याला समजावून सांगितल्याचे प्रतिज्ञापन अर्जावर असावे लागते. हे प्रतिज्ञापन कोरे असेल, किंवा पॉलिसी विकणाऱ्यानेच ते भरले असेल, तर तक्रारदारासाठी तो महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

मोठी रक्कम एकदम खात्यात येण्याचे प्रसंगही या परिसरात वारंवार येतात. समृद्धी महामार्ग, मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग व मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे हे तिन्ही प्रकल्प भिवंडी तालुक्यातून जातात आणि त्यांसाठी येथील जमिनी संपादित झाल्या आहेत. भूसंपादनाचा मोबदला, निवृत्तीची रक्कम किंवा जागेच्या विक्रीचे पैसे जमा झालेला खातेदार विमा विक्रेत्यांच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा ग्राहक असतो. यंत्रमाग मालकाच्या बाबतीत कर्ज हे निमित्त ठरते. खेळत्या भांडवलासाठी अर्ज केलेल्या कारखानदाराला पॉलिसी 'फाईलसोबत लागते' असे सांगितले जाते. बँकेला कर्जासाठी तारण मागता येते. परंतु विशिष्ट कंपनीची पॉलिसी घेण्याची सक्ती करता येत नाही.

पुनर्विचाराचा कालावधी

पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत, तिच्या अटी मान्य नसल्यास ती परत करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. यालाच 'फ्री-लूक' कालावधी म्हणतात. पूर्वी तो सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांचा आणि इलेक्ट्रॉनिक अथवा दूरस्थ माध्यमातून विकलेल्या पॉलिसींसाठी तीस दिवसांचा होता. २०२४ च्या विनियमांनी तो सरसकट तीस दिवसांचा केला. या मुदतीत पॉलिसी परत केल्यास कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत करते. युलिपच्या बाबतीत युनिटच्या चालू किमतीचाही विचार होतो.

फसवणूक सिद्ध करण्याची गरज नसलेला हा एकमेव टप्पा आहे, आणि म्हणूनच तो निसटावा अशी व्यवस्था अनेकदा केलेली आढळते. अर्जावर ग्राहकाऐवजी विक्रेत्याचा किंवा भलताच मोबाईल क्रमांक व ईमेल लिहिला जातो. छापील पॉलिसी 'मी आणून देतो' म्हणून बँकेत किंवा प्रतिनिधीकडेच ठेवली जाते. मुदत पॉलिसी जारी झाल्यापासून नव्हे तर ती हाती पडल्यापासून मोजायची असते. त्यामुळे कुरिअरच्या पोचपावतीवर सही कोणाची आहे आणि ईमेल कोणाच्या पत्त्यावर गेला, हे पुढील वादाचे पहिले प्रश्न असतात. पॉलिसी मिळाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

कंपनीकडे तक्रार आणि बीमा भरोसा

मुदत उलटल्यानंतर पहिली पायरी म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ती बँकेच्या शाखेत तोंडी सांगून भागत नाही. लोकपालाकडे जाण्यासाठी कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीचा पुरावा आवश्यक असतो. कंपनीने चौदा दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. इर्डाईच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावर, किंवा १५५२५५ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदवता येते. तथापि इर्डाई स्वतः वादाचा निवाडा करत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते व उत्तर मिळाले की नाही यावर लक्ष ठेवते.

कंपनीचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: ग्राहकाने प्रस्ताव अर्जावर सही केली आहे, लाभाचे कोष्टक सही करून स्वीकारले आहे, पडताळणीच्या दूरध्वनीत सर्व अटी मान्य केल्या आहेत आणि पुनर्विचाराच्या मुदतीत पॉलिसी परत केलेली नाही. पुढील लढाई या चार विधानांभोवतीच होते.

विमा लोकपाल

विमा लोकपालाची संस्था १९९८ च्या नियमांनी स्थापन झाली. सध्या २०१७ चे विमा लोकपाल नियम आणि त्यांतील पुढील दुरुस्त्या लागू आहेत. पॉलिसीच्या अटींची चुकीची मांडणी, प्रस्ताव अर्जाशी न जुळणारी पॉलिसी देणे आणि हप्ता घेऊनही पॉलिसी न देणे ही तक्रारीची कारणे नियम १३ मध्ये स्पष्टपणे नमूद आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने विमा दलालांविरुद्धच्या तक्रारी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तक्रार व सुनावणी यांचा त्यात समावेश केला. नुकसानभरपाईची मर्यादा आरंभी २० लाख रुपये होती. ती २०१७ मध्ये ३० लाख आणि २०२३ मध्ये ५० लाख झाली.

कंपनीने तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही, किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, तर त्यानंतर एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही आणि वकील लावता येत नाही. तक्रारदार, त्याचे वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती स्वतः बाजू मांडतात. हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असल्यास लोकपाल तक्रार घेत नाही. व्यक्तींबरोबरच एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांनाही हा मार्ग खुला आहे, ही बाब भिवंडीतील छोट्या यंत्रमागधारकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दोन्ही पक्ष तयार असल्यास लोकपाल मध्यस्थीने शिफारस करतो. अन्यथा आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतो. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असून तिने तीस दिवसांत त्याची अंमलबजावणी करावी लागते. तक्रारदारावर तो बंधनकारक नाही; समाधान न झाल्यास तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. दिशाभुलीच्या तक्रारींत पॉलिसी रद्द करून हप्ते परत करणे किंवा वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचे एकरकमी पॉलिसीत रूपांतर करणे असे दोन प्रकारचे निवाडे प्रामुख्याने आढळतात. दुसऱ्या प्रकारात पुढील हप्त्यांचा बोजा टळतो, पण पैसे काही वर्षे अडकून राहतात. वयोवृद्ध तक्रारदाराला हा अर्धाच न्याय वाटणे स्वाभाविक आहे. मानसिक त्रासाबद्दल वेगळी भरपाई लोकपालाकडून मिळत नाही.

महाराष्ट्रात पूर्वी मुंबई व पुणे अशी दोनच लोकपाल केंद्रे होती. आता ठाणे (पश्चिम) येथे स्वतंत्र केंद्र असून ठाणे, पालघर व रायगड हे जिल्हे, नवी मुंबई आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांतील काही प्रभाग त्याच्या कक्षेत आहेत. भिवंडीची तक्रार याच केंद्राकडे जाते.

ग्राहक तक्रार निवारण आयोग

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. विमा ही त्या अर्थाने 'सेवा' असून दिशाभूल करून केलेली विक्री 'अनुचित व्यापारी प्रथा' व 'सेवेतील त्रुटी' या दोन्ही संज्ञांत बसते. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा हा या अधिनियमातील मोठा बदल होय. कंपनीचे मुख्यालय मुंबई, पुणे वा बंगळूरला असले तरी भिवंडीच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगात दाद मागता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, ५० लाख ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी डिसेंबर २०२१ च्या नियमांनी केली. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, तर दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आहे. वकील आवश्यक नाही, आणि महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांत मराठीतून तक्रार करता येते. अनेक आदेशही मराठीतच निघतात.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास आयोग तो माफ करू शकतो. ही दोन वर्षे नेमकी कोठून मोजायची हा नेहमीचा वाद आहे. कंपन्या पॉलिसी जारी झाल्याची तारीख धरतात. तक्रारदार फसवणूक कळल्याची किंवा कंपनीने तक्रार फेटाळल्याची. समजा, भिवंडीतील एका निवृत्त शिक्षकाला जून महिन्यात ठेवीऐवजी पॉलिसी मिळाली व पुढील जूनमध्ये हप्त्याची सूचना आल्यावर ती गोष्ट कळली. तोवर कंपनीच्या हिशेबाने दोनपैकी एक वर्ष संपलेले असते. त्यानंतर कंपनीशी पत्रव्यवहार आणि लोकपालाकडील सुनावणी यांत उरलेले वर्षही सहज सरू शकते. म्हणून लोकपालाकडे जाण्यापूर्वीच दोन्ही मुदतींचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

अधिनियमानुसार तक्रार तीन महिन्यांत निकाली निघावी. प्रत्यक्षात पुष्कळ अधिक काळ लागतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत मुंबईच्या राज्य आयोगाकडे अपील करता येते. अपील कंपनीने केल्यास आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते. व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च देण्याचा अधिकार आयोगाला आहे. युलिपच्या तक्रारदारांपुढे मात्र एक वेगळी अडचण आली आहे: अशी पॉलिसी ही बाजारातील नफ्यासाठी केलेली गुंतवणूक असल्याने तो 'ग्राहक' ठरत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय आयोगाने २०१३ च्या एका निर्णयात घेतली होती आणि कंपन्या बचावात तिचा आधार घेत आल्या आहेत.

सही आणि पुरावा

या विषयाचा गाभा कायद्यापेक्षा पुराव्यात आहे. विक्रेत्याने तोंडी काय सांगितले याची नोंद नसते. ग्राहकाने काय लिहून दिले याची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका आयुर्विमा प्रकरणात असे म्हटले की, प्रस्ताव अर्जावर सही करणाऱ्याला तो न वाचता किंवा न समजता सही केल्याचे सांगून तिच्या परिणामांतून सुटता येत नाही. ते प्रकरण दिशाभुलीचे नव्हते. आधीची पॉलिसी अर्जात न दाखवल्यामुळे वारसाचा दावा नाकारला गेला होता, आणि अर्ज प्रतिनिधीने भरल्याचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. तरीही कोऱ्या अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या विरोधात हे तत्त्व वापरले जाऊ शकते.

यावर तक्रारदाराची बाजू बहुधा अर्जातूनच उभी राहते. प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीसोबत मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्या प्रतीत यंत्रमाग कामगाराचे वार्षिक उत्पन्न दहा-बारा लाख, गृहिणीचा व्यवसाय 'व्यापार', किंवा सत्तरीच्या माणसाचे उद्दिष्ट 'दीर्घकालीन बचत' असे लिहिलेले आढळले, तर अर्ज ग्राहकाने भरलेला नाही हे दिसून येते. वार्षिक हप्ता खऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ती पॉलिसी त्याला योग्य होती हे कंपनीला पटवून देणे अवघड जाते. त्याच दिवशी मोडलेल्या मुदत ठेवीची नोंद असलेले खातेपुस्तक, विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, त्याने कागदावर हाताने मांडलेला 'परताव्याचा हिशेब' आणि पडताळणी दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण यांनाही महत्त्व आहे. या दूरध्वनीत 'सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडकेल' असे ग्राहकाला आधीच बजावलेले असते. तरी त्या संभाषणाची भाषा, वेग आणि अर्धवट उत्तरे कधीकधी उलट कंपनीच्याच विरोधात जातात. लाभाच्या कोष्टकातील ४ व ८ टक्के हे केवळ उदाहरणादाखल धरलेले दर असतात. विक्रेत्याने हमी म्हणून याहून मोठा आकडा लिहून दिला असेल, तर तो कागद जपून ठेवण्यासारखा असतो.

विमा अधिनियम, १९३८ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने प्रतिनिधीच्या कृत्यांची व चुकांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकली असून आचारसंहितेच्या भंगासाठी एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्यामुळे 'प्रतिनिधीने काय सांगितले ते आम्हाला माहीत नाही' हा बचाव पुरेसा नाही. त्याच अधिनियमाचे कलम ४१ मात्र ग्राहकालाही अडचणीत आणते. पहिल्या हप्त्यातील काही भाग प्रतिनिधीने परत करण्याची पद्धत गावोगाव रूढ आहे. ही सूट देणे आणि घेणे दोन्ही बेकायदेशीर आहे. ती घेतलेले अनेक जण पुढे तक्रार करायला कचरतात, आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते.

जीवन सरल प्रकरण

दिशाभूल नेहमी एका विक्रेत्यापुरती मर्यादित नसते, हे भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या 'जीवन सरल' या २००४ मध्ये आलेल्या योजनेवरून दिसून आले. तिच्यात मृत्यूनंतर मिळणारी रक्कम सर्व वयांसाठी मासिक हप्त्याच्या २५० पट अशी सारखीच होती. मृत्यूची जोखीम वयानुसार वाढत असल्याने अधिक वयाच्या ग्राहकांच्या हप्त्यांतील मोठा भाग त्या संरक्षणापोटी खर्ची पडे आणि मुदतपूर्तीची रक्कम घटे. परिणामी उतारवयात पॉलिसी घेतलेल्या अनेकांना भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी पैसे परत मिळाले. बचतीची योजना म्हणून ती घेतलेल्यांना हे मुदतपूर्तीच्या वेळीच कळले. पुनर्विचाराचा कालावधी संपून तेव्हा दशक लोटले होते. मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशनने या पॉलिसीधारकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला.

अन्य मार्ग

पॉलिसी बँकेने विकली असल्यास बँकेविरुद्ध स्वतंत्र तक्रारही करता येते. बँकिंग लोकपाल योजनेत १ जुलै २०१७ पासून विमा व म्युच्युअल फंडासारख्या त्रयस्थ उत्पादनांच्या विक्रीतील त्रुटींचा समावेश झाला. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विलीन झाली आहे. सही बनावट असेल किंवा खोट्या ओळखीने पैसे घेतले असतील, तर प्रकरण फौजदारी ठरते व पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. दूरध्वनीवरून किंवा ऑनलाइन झालेल्या फसवणुकीसाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था तक्रारीचा मसुदा करण्यात मार्गदर्शन करतात.

इतर देशांतील अनुभव

या प्रश्नावरील सर्वांत मोठी परतफेड ब्रिटनमध्ये झाली. तेथील बँकांनी कर्जासोबत 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स' नावाचा विमा लक्षावधी ग्राहकांना विकला होता. त्यांपैकी अनेकांना तो घेतल्याचे माहीतही नव्हते, तर काही जण त्याखाली दावा करण्यास पात्रच नव्हते. नियामकाने बँकांना तक्रारी एका ठरावीक पद्धतीने तपासायला भाग पाडले आणि २९ ऑगस्ट २०१९ ही अंतिम तारीख जाहीर करून तिचा मोठा प्रचार केला. जानेवारी २०११ पासून ग्राहकांना परत केलेली रक्कम सुमारे ३८ अब्ज पौंडांवर गेली. भारतात प्रत्येक ग्राहकाला आपली तक्रार एकट्याने चालवावी लागते. २०१९ च्या अधिनियमाने समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना एकत्रित तक्रार करण्याची सोय कायम ठेवली आणि २४ जुलै २०२० रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. ग्राहकांच्या एखाद्या वर्गाच्या वतीने स्वतः पुढाकार घेण्याचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत.